बुडाखालचा उजेड

बुधवारी दुपारी साडेतीनला बाशी काप्या तीन पातेल्यांचं खोकं घेऊन दारात उभा राहिला. बाना लोंबेने त्याला आत ये म्हणण्याआधी खोक्याची चिकटपट्टी पाहिली.

"ही एकदा कापून परत लावलीय."

"असेल. मला दिलं तसं आणलं."

"कुणी दिलं?"

"मुलाच्या आईने. स्वतःच्या हाताने."

"आणि वाटेत?"

"वाटेत मी होतो आणि खोकं होतं. फाट्यावर बसचं चाक बसलं तेव्हा आम्ही दोघं झाडाखाली टेकलो. खोकं काही बोललं नाही, मीही त्याला काही विचारलं नाही. आता पाणी मिळेल का, विहीणबाई?"

पाणी मिळालं. बाशी काप्या मुलाकडचा शिबुकोंबे होता, म्हणजे दोन घरांमधला मध्यस्थ. पंचवीस वर्षं खाणीची बस चालवून निवृत्त झालेला, बोलघेवडा, पण कामात चोख. लुआंशा या खाणीच्या गावातल्या बऱ्याच लग्नांचे निरोप त्याच्या पायांवरून गेले होते. या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने मण्यांची माळ ठेवलेली एक झाकली थाळी आणली होती. मुलीच्या आईने ती उचलून आत नेली. तोच होकार. तिने ती त्याच्या हातात परत दिली असती तर तो नकार झाला असता, आणि तोंडाने कुणीच काही बोललं नसतं. शिबुकोंबेच्या हातात भांडं परत गेलं की विषय संपतो.

मुलगी कासुबा, वय सव्वीस, दातांच्या दवाखान्यात कामाला. मुलगा चिलेक्वा. आणि बाना लोंबे, म्हणजे लोंबेची आई, ही कासुबाची आत्या. भाऊ गेल्यापासून या घरात कार्याचा शेवटचा शब्द तिचा होता. तिने सव्वीस वर्षं खाणीच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासला होता: झडपा, हातमोजे, बोल्ट, दिव्यांच्या काचा. जे आलं ते तसंच आत घ्यायची तिला सवय नव्हती.

"शनिवारी चिलांगा मुलिलो," बाशी काप्या म्हणाला. "ते ठरलंच आहे. पण बाना चिलेक्वाचा एक निरोप आहे. पोरांना जे घर मिळालंय ते तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे कोळसा पेटवायला बंदी. तेव्हा मुलगी ज्या आगीवर रांधणार तीच आग आम्हाला दाखवा, म्हणते. न्शिमा मुलीच्या हातची आणि विजेच्या शेगडीवरची. त्यासाठी ही भांडी, मुलीला भेट. जाड बुडाची."

चिलांगा मुलिलो या शब्दांचा अर्थच आग दाखवणं असा. लग्नाआधी मुलीकडच्या बायका रांधलेलं अन्न, त्यात न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा हवाच, भांड्यांसकट मुलाच्या घरी नेतात, आणि त्या दिवसापासून जावयाला सासरच्या चुलीचं खायची मोकळीक होते. विजेच्या काळ्या तबकडीत आग कुठे असते आणि ती दाखवायची कशी, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

"आणि शनिवारी सकाळी मी येऊन स्वयंपाकघराच्या दारात बसणार," तो म्हणाला.

"कशाला?"

"साक्षीला."

"हेरगिरीला म्हणा."

"हेराला कुणी चहा देत नाही, विहीणबाई. मला तुम्ही द्याल."

तो गेल्यावर बाना लोंबेने पातेली टेबलावर पालथी घातली. मोठं, मधलं, धाकटं. चकचकीत, जड, दोन्ही बाजूंना कान. झाकणं घट्ट बसत होती. खोक्यात कागदाचा एक कपटाही नव्हता. इतक्या चांगल्या मालाबरोबर कागद येतो. तो कुठे गेला?

तिने कपाटातून पोलादी पट्टी काढली. पट्टी नवऱ्याची. तो खाणीच्या कारखान्यात फिटर होता आणि जाताना दोन गोष्टी मागे ठेवून गेला: ही पट्टी, आणि ती वापरायची रीत. वस्तू उजेडाकडे धरायची, पट्टी उभ्या कडेवर ठेवायची, खालून बघायचं. पट्टीखाली उजेड दिसला तर माल वाकडा.

उजेड दिसला. कडेला नाही, मध्यावर. तिन्ही पातेल्यांना. मोठ्याला सगळ्यात जास्त, नखाच्या जाडीचा.

"वहिनी, इकडे या. वाका. काय दिसतंय?"

कासुबाची आई वाकली. "पातेलं."

"पट्टीखाली बघा."

"उजेड आहे, वन्सं."

"किती?"

"आता उजेड किती ते कसं सांगू? थोडासा."

"थोडासा नाही. बूड आत गेलंय. कोळशावर चाललं असतं, आग जिकडेतिकडे पोचते. या शेगडीची तबकडी सपाट. बूड टेकलं नाही तर मधलं पीठ कच्चं आणि कडेचं करपलेलं. शनिवारची न्शिमा कुणाच्या हातची? कासुबाच्या. कच्ची निघाली तर नाव कुणाचं जाईल? भांड्याचं?"

"दुकानदाराने फसवलं असेल त्यांना."

"खोकं उघडून बघितलेलं आहे. उघडलं, पाहिलं आणि तरी पाठवलं." बाना लोंबेने आवाज खाली आणला. "थोरली सून आठवते त्यांची? सहा महिन्यांत घराबाहेर. न्शिमा नीट होत नव्हती म्हणे तिची. मला आता कळतंय ती का होत नव्हती."

कासुबा दाराशी उभी राहून ऐकत होती. "आत्या, थंड भांडं मोजून काय कळणार?"

"मग काय, पेटवून मोजू?"

कासुबाने पातेल्यांकडे एकदा पाहिलं, जशी दवाखान्यात घाबरलेल्या माणसाच्या दाढेकडे पाहत असेल तशी.

संध्याकाळ व्हायच्या आत बाना लोंबेने खिळा घेऊन तिन्ही बुडांवर फुली कोरली. स्टोअरमध्ये नापास मालावर फुली पडायची, आणि ती खडूची नसायची. खडू पुसून तोच माल पुरवठादार पुढच्या महिन्यात परत आणत असत. कोरलेली फुली पुसता येत नाही. त्यातच तिची सगळी मख्खी होती.

"आता हे परत पाठवायचं," ती म्हणाली.

वहिनीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "वन्सं, परत? बाशी काप्याच्या हातात?"

बाना लोंबे थांबली. रागाच्या भरात ती एवढी साधी गोष्ट विसरली होती. भांडी त्याच्या हातात दिली की लग्न मोडलं. मग तिच्या मनात आणखी एक पाल चुकचुकली: त्यांना तेच हवं असेल तर? मोडलं ते मुलीकडच्यांनी, आम्ही तर भेट पाठवली होती, असं म्हणायला मोकळे.

"ठीक आहे. परत नाही जाणार, आणि चुलीवरही नाही चढणार. टेबलाखाली ढकला. आपली भांडी मी आणते."

"आणि त्या फुल्या?"

"राहू देत. लग्न झाल्यावर दाखवीन मी त्यांना एक दिवस."

गुरुवारी ती बाजारामागे गेली. तिथे मोडीत निघालेल्या इंजिनांचं ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात पातेली ओततात. ओतारी तोंडात काडी धरून बसला होता. तिने पहिल्या सहा पातेल्यांना पट्टी लावून ती बाजूला सारली तेव्हा त्याने काडी काढली.

"आई, पातेलं घेताय का विमान बनवताय?"

"बूड सपाट पाहिजे. विजेच्या शेगडीला."

"सपाटच आहे."

"ये, बघ. पट्टीखाली उजेड आहे."

"उजेड सगळीकडेच असतो, आई. दिवस आहे."

"कानस आण."

दोन तास त्याने कानस चालवली. ती स्टूल घेऊन समोर बसली आणि दर थोड्या वेळाने पट्टी लावत राहिली. शेवटी तीन पातेली अशी झाली की पट्टीखालून केसही जाऊ नये. बुडं घासून घासून पातळ झाली होती, पण सपाट होती. ओतारी म्हणाला, "आता याच्यावर तोंड बघा, आरसा झालाय," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे इतक्या घाईने वळला की तिला त्याचाही संशय आला.

शुक्रवारी पातेली चढवून बघायची होती. शुक्रवारी दिवसभर वीज नव्हती.

शनिवारी पाचला वीज आली. भारनियमनाच्या वेळापत्रकात ती नऊला जाणार होती. खाणीच्या वसाहतीतल्या या घरांत शेगड्या घरांबरोबरच बसवलेल्या आहेत. या शेगडीच्या चार तबकड्यांपैकी दोन चालत होत्या. कोंबडी आणि सुकट शुक्रवारी संध्याकाळीच अंगणात कोळशावर करून ठेवली होती. राहिला होता शेंगदाण्याच्या कुटातला भोपळ्याचा पाला, आणि न्शिमा.

सहाला बाशी काप्या आला. दारात खुर्ची टाकून बसला आणि चहा मागायच्या आधीच त्याला चहा मिळाला.

"बाजारची पातेली?" त्याने विचारलं. "पाठवलेली कुठे गेली?"

"जपून ठेवलीत. नवी वस्तू लगेच कोण काढतं?"

"हो का," तो म्हणाला, आणि टेबलाखाली त्याची नजर गेली. बाना लोंबेने चितेंगे सारखं करत मध्ये उभं राहून घेतलं. लुंगीसारखं कमरेला गुंडाळलेलं ते कापड चांगलं रुंद होतं.

पाला धाकट्या पातेल्यात चढला. पाच मिनिटांनी तिने पाहिलं तर पातेल्याचा कान, जो भिंतीकडे होता, तो खिडकीकडे झाला होता.

"कुणी फिरवलं हे?"

"मी नाही," वहिनी म्हणाली.

"मी दारात आहे," बाशी काप्या म्हणाला. "माझा हात एवढा लांब असता तर बस मागच्या बाकावरून चालवली असती."

तिने कान पुन्हा भिंतीकडे केला आणि पाठ फिरवली. पाठ फिरवली ती फक्त दाखवायला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती दोघांवर लक्ष ठेवून होती. कुणीही जागचं हललं नाही. पातेलं मात्र, कुणाच्या बापाला न जुमानता, सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखं, खिडकीकडे वळलं.

एका बाजूने पाला लागल्याचा वास येत होता. तिने तो ढवळला.

साडेसातला मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं. उकळी आली तेव्हा आठला दहा कमी होते. कासुबाने मक्याचं पीठ सोडलं, पेज होऊ दिली, मग मूठमूठ पीठ घालत लाकडी उलथन्याने घोटायला लागली. न्शिमाला जोर लागतो. पीठ घट्ट होत जातं तसा दोन्ही हातांनी उलथनं दाबून पातेल्याच्या कडेवर आपटावं लागतं, आणि पातेलं पायरीच्या दगडासारखं बसलेलं लागतं. कासुबाने पहिला दाब दिला आणि पातेलं गर्रकन फिरलं.

"धर ना नीट," आत्या म्हणाली.

"धरलंय, आत्या."

"फडक्याने धर."

फडक्याने धरलं तर घोटायला एकच हात राहिला. आईने एक कान धरला, आत्याने दुसरा. पातेलं एका अंगाला वर उचललं गेलं, दुसऱ्या अंगाला तबकडीवर घसरलं, आणि निम्मी पेज शेगडीवर, थोडी आत्याच्या पायावर सांडली. करपल्याचा धूर झाला. गोळ्याचा मध्य जळून काळा होता आणि कडेला कोरडं पीठ तसंच होतं.

आठ वाजून सात मिनिटं. बाशी काप्याने चहाचा कप खुर्चीखाली ठेवला.

"मी हे सांगणार नाही," तो म्हणाला.

"विचारलं तर?" बाना लोंबे म्हणाली.

"विचारलं तर सांगावं लागेल. साक्षीदार आहे मी."

कासुबा खाली बसली. टेबलाखालून मोठं पातेलं ओढलं आणि धुवायला नेलं.

"ते नाही," आत्या म्हणाली.

"मग कोणतं, आत्या?" कासुबाचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "एक फिरतंय आणि एक टेबलाखाली आहे. नऊला वीज जाते. तिसरं असेल तर दे, मी त्यात करते."

तिसरं नव्हतं. पातेलं चढलं, आधण ठेवलं गेलं. बाना लोंबे त्याच्याकडे हाताची घडी घालून बघत राहिली, जसा स्टोअरच्या खिडकीतून पुरवठादाराचा ट्रक बघावा. पाण्याला बुडबुडे आले ते आधी कडेला येतील आणि मध्य गप्प राहील असा तिचा कयास होता. बुडबुडे सगळीकडून एकदम आले. तिने बोटाने कान ढकलून पाहिला. पातेलं हललं नाही.

"वहिनी, पट्टी आणा. कासुबा, तो कान धर. उचल."

"उकळतंय, आत्या!"

"म्हणूनच. उचल."

दोघींनी उकळतं पातेलं फडक्यांनी धरून खिडकीसमोर उचललं. वहिनीने पट्टी बुडाला टेकवली आणि मान वाकडी करून पाहिलं.

"उजेड किती?"

"नाही."

"नीट बघा."

"वन्सं, नाहीये. मुळीच नाही. माझी मान मोडेल."

बाशी काप्या खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. "चाळीस लग्नं केली मी," तो म्हणाला, "आधणाच्या खाली बघणारी माणसं पहिल्यांदा बघतोय."

पातेलं तबकडीवर परत गेलं. बाना लोंबेने बाजारचं पातेलं, अजून गरम होतं ते, पालथं केलं आणि पट्टी लावली. पट्टी मध्यावर टेकली आणि दोन्ही टोकांना झोक्यासारखी डुलू लागली. थंड असताना सपाट होतं. तापल्यावर त्याला पोट सुटलं होतं. आणि ते दुसरं, थंड असताना पोटात गेलेलं, तापल्यावर सपाट झालं होतं. ज्याने ते बनवलं त्याने बूड मुद्दाम आत ठेवलं होतं, तापल्यावर कुठे जाणार हे ठाऊक असल्यासारखं.

पट्टी चुकली नव्हती. मोजायची वेळ चुकली होती.

"त्या थोरल्या सुनेचं काय झालं?" तिने बाशी काप्याला विचारलं. "खरं सांगा."

"काय व्हायचंय? दोघांना सोलवेझीच्या खाणीवर काम मिळालं, गेली तिकडे. पोर झालंय. तुम्हाला काय सांगितलं कुणी?"

"काही नाही," ती म्हणाली.

कासुबाने पीठ घोटलं, दोन्ही हातांनी, आणि पातेलं जागचं हललं नाही. आठ पंचावन्नला न्शिमा तयार झाली, पांढरी, घट्ट, कडेला सुटलेली. कोंबडी मधल्या पातेल्यात गरम करून तशीच ठेवली, सुकट तिसऱ्यात. पाला बाजारच्या धाकट्यातच राहिला. आता बदलायला वेळ नव्हता. नऊला दिवा गेला.

भांड्यांना फडकी बांधून बायका मिनीबसमध्ये बसल्या, गाणं सुरू झालं, आणि वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत बाना लोंबे सगळ्यांबरोबर गात होती. मग तिचा आवाज बंद पडला.

न्शिमाचं पातेलं तिच्याच मांडीवर होतं. चितेंगेतून त्याची ऊब लागत होती. त्या उबेच्या मध्यावर, तिच्या मांडीला टेकलेली, खिळ्याने कोरलेली फुली होती. तिन्ही बुडांवर होती.

भांडी भरलेली. पालथी करता येत नव्हती. तिथे पोचल्यावर ती मुलाच्या घरीच राहणार, त्यांनी रिकामी करायची, त्यांनी धुवायची आणि आठ दिवसांनी परत पाठवायची. परत येताना आत काहीतरी असतं: साखर, पीठ, कापड. ज्या घराचं मन फिरलं ते रिकामी पाठवतं. म्हणजे बाना चिलेक्वा आज नाहीतर उद्या ही बुडं बघणार, आणि आपल्या भेटीवर विहिणीने फुली मारलेली तिला दिसणार.

"काय झालं, वन्सं?" वहिनीने विचारलं.

"फुल्या."

वहिनीने डोळे मिटून घेतले. कासुबा पुढच्या बाकावर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचं गाणंही थांबलं.

बाना चिलेक्वा उंच, किडकिडीत बाई होती. चष्मा साखळीला बांधलेला. बायका गुडघ्यांवर रांगत भांडी आत नेत असताना ती भिंतीशी उभी राहून मोजत होती. फडकी एकेक सोडली गेली. तिने कोंबडीचे तुकडे डावाने बाजूला केले, कोंबडीच्या पोटातली पेटी, जावयाच्या मानाची, ती शोधली, सापडल्यावर मान हलवली. सुकटीचा वास घेतला. पाला चाखला आणि काही म्हणाली नाही. मग न्शिमाचा चिमटा काढून बोटांत मळला, मधला घेतला, कडेचा घेतला.

"शिजलीय," ती म्हणाली. "विजेवर?"

"विजेवर," बाशी काप्या म्हणाला. "मी बघितलं. आग अशी दिसली नाही, पण होती."

न्शिमा मोठ्या ताटात काढली गेली. पातेलं रिकामं झालं. बाना चिलेक्वाने ते उचललं. कदाचित ते तिचंच म्हणून, कदाचित तिला सवय म्हणून. चष्मा नाकावर चढवून तिने ते पालथं केलं.

खोलीतलं बोलणं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बंद होत गेलं.

"बाना लोंबे, माझ्या भांड्यावर फुली कुणी मारली?"

बाशी काप्या पुढे सरकला. "बाना चिलेक्वा, ती खाणीकडच्या लोकांची जुनी खूण आहे. म्हणजे शुभ—"

"तुम्ही गप्प बसा, बाशी काप्या," बाना लोंबे म्हणाली. ती गुडघ्यांवर होती. कासुबा तिच्या बाजूला जमिनीकडे बघत होती, आणि तिची बोटं चितेंगेचा काठ घट्ट आवळत होती. एक वाक्य चुकलं असतं तर ही भांडी रिकामी परत आली असती. एक वाक्य खोटं असलं तर ती बाई ते पकडेल, हेही बाना लोंबेला चष्म्यामागच्या डोळ्यांवरून कळलं होतं. ती स्वतःही तशीच बघायची.

"मी मारली. तिन्हींवर. बुधवारी पट्टी लावून मोजली, बूड आत गेलेलं निघालं. नापास केलं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम खराब माल पाठवला, पोरीची फजिती व्हावी म्हणून. आज सकाळी उकळत्या आधणावर मोजली. सपाट निघाली. माझी स्वतःची पातेली सपाट होती, ती तापल्यावर फिरायला लागली, निम्मी पेज शेगडीवर आणि माझ्या पायावर सांडली. चूक मोजणारीची. मालाची नाही."

वहिनीच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"आणि ही फुली आता जाणार कशी?" बाना चिलेक्वाने विचारलं.

"जात नाही. स्टोअरमध्ये नापास माल फेरतपासणीत पास झाला तर फुलीभोवती गोल कोरायचो. खिळा असेल तर द्या."

बाना चिलेक्वा आत गेली. बराच वेळ लागला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात खिळा होता. मोठं पातेलं, मग मधलं, मग धाकटं, रिकामं होईल तसं बाना लोंबेने मांडीवर पालथं घेतलं आणि सगळ्यांसमोर गोल कोरला. पोलादावर खिळ्याचा कर्कश आवाज होत होता. मुलगा जेवायचा थांबला होता. त्याच्या आईने त्याला "जेव" म्हटलं तेव्हा तो जेवला.

निघताना बाना चिलेक्वा दारापर्यंत आली. "भांडी धुऊन पाठवते," एवढंच म्हणाली. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

पुढचे आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. वहिनी म्हणायची, तिने खिळा दिला ना, म्हणजे झालं. बाना लोंबे म्हणायची, खिळा तर मीही दिला असता, आणि मग माल परत पाठवला असता. कासुबा कामाला जायची, यायची, आणि आल्यावर आधी ओसरीकडे बघायची.

नवव्या दिवशी साडेतीनला बाशी काप्या आला. खोकं खांद्यावर. चिकटपट्टी कापून परत लावलेली.

"आत काय आहे?" बाना लोंबेने विचारलं.

"मी बघितलं नाही. पण मागच्या खेपेपेक्षा जड आहे."

तिने चाकू घेतला. धाकट्या पातेल्यात साखर होती. मधल्यात दुमडलेलं निळं चितेंगे. मोठ्यात मक्याचं पीठ, काठोकाठ, झाकण दोरीने बांधलेलं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली, मग रडायला. कासुबाने चितेंगे हातात घेतलं आणि नाकाला लावलं.

पिठावर एक छापील कागद होता, चार घड्यांचा. खोक्यातून गायब झालेला. एका ओळीखाली पेनाने रेघ ओढली होती: थंड असताना भांड्याचे बूड किंचित आत असते, तापल्यावर ते सपाट होते. बाना लोंबेने ती ओळ दोनदा वाचली.

खोक्याच्या तळाशी तिचं स्वतःचं पातेलं होतं, बाजारचं धाकटं, ज्यात पाला गेला होता. त्यात भुईमुगाचे दाणे होते. तिने दाणे टोपलीत ओतले आणि पातेलं पालथं केलं.

बुडावर एक फुली होती. खोल, सरळ, खिळ्याने कोरलेली. तिच्याभोवती गोल नव्हता.

तिने पट्टी आणली, उजेडाकडे धरून लावली. उजेड नव्हता. पातेलं थंड होतं आणि आरशासारखं सपाट होतं.

"तापवून बघितलंय तिने," ती स्वतःशीच म्हणाली.

"उलटा काही निरोप?" बाशी काप्याने विचारलं.

बाना लोंबेने पातेलं वहिनीकडे दिलं, अंगणातल्या कोळशाच्या शेगडीसाठी. मग पट्टी पुसून कपाटात ठेवली.

"सांगा," ती म्हणाली, "बरोबर मोजलंय."